फुकट मैफलीचं मोल

४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी तिथल्या गावागावांतून मिरवणुका निघतात, घराच्या मागच्या अंगणात शेगड्या पेटतात आणि अंधार पडला की आतषबाजी होते. पण या दिवसाचा एक सोहळा असा आहे, की त्यासाठी लोक मुद्दाम प्रवास करून एका शहरात जातात. ते शहर म्हणजे बॉस्टन. चार्ल्स नदीच्या काठावर, उघड्या आकाशाखाली, ‘बॉस्टन पॉप्स’ हा नामवंत वाद्यवृंद वाजवतो आणि शेवटी नदीत उभ्या केलेल्या सपाट तळाच्या मोठ्या होड्यांवरून दारूकाम उडवलं जातं. तिकीट नाही, पास नाही. कुणीही यावं आणि बसावं.

आपल्याकडची पुष्कळ मंडळी आता मुलाबाळांकडे अमेरिकेला जातात आणि बहुधा उन्हाळ्यातच जातात. त्यामुळे हा योग कुणालाही येऊ शकतो. आम्हाला तो २०१८ साली आला. त्या सोहळ्याइतकंच, किंबहुना काकणभर अधिक, मला आज त्याच्या आखणीविषयी बोलायचं आहे. कारण फुकट कार्यक्रमाला दाम लागत नसलं, तरी त्याची किंमत द्यावीच लागते. ती तासांत आणि पायांच्या ताकदीत मोजावी लागते.

आधी थोडा इतिहास. आर्थर फीडलर नावाच्या तरुण वादकाच्या मनात आलं, की सभागृहाचं तिकीट ज्यांना परवडत नाही, त्यांच्यापर्यंत चांगलं संगीत गेलं पाहिजे. १९२९ साली ४ जुलैलाच त्यानं नदीकाठी पहिली मोफत मैफल केली. पुढं १९४० मध्ये तिथं शिंपल्याच्या आकाराचा पक्का रंगमंच उभा राहिला. त्याला ‘हॅच शेल’ म्हणतात. आतषबाजी मात्र बरीच नंतर आली. १९७४ साली डेव्हिड म्यूगर या उद्योजकानं फीडलरना सुचवलं, की चायकोव्हस्कीची ‘१८१२ ओव्हर्चर’ ही रचना खऱ्या तोफा, चर्चच्या घंटा आणि दारूकाम यांच्यासह सादर करावी. गंमत अशी, की ही रचना रशियन. नेपोलियनच्या स्वारीला रशियानं तोंड दिलं, त्याच्या स्मरणार्थ लिहिलेली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याशी तिचा काही संबंध नाही. पण लोकांनी ती आपलीच मानली. १९७६ साली, देशाच्या द्विशताब्दीला, त्या नदीकाठी सुमारे चार लाख माणसं जमली होती!

आता आमची गोष्ट. मुलगी आणि जावई न्यू जर्सीत राहतात. बॉस्टन तिथून मोटारीनं चार-पाच तासांवर. बॉस्टन पॉप्सच्या कॅसेट मी तरुणपणी इतक्या ऐकल्या होत्या, की रंगमंचासमोरच्या हिरवळीवर बसून तो वाद्यवृंद पाहायचा, ही माझी जुनी इच्छा. नातू सहा वर्षांचा. त्याला फक्त ‘फटाके’ पाहायचे होते. आणि पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. एवढा लांबचा प्रवास पुन्हा घडेल की नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. कुणी ते बोलून दाखवत नव्हतं, इतकंच.

मुलीनं मे महिन्यातच कागदावर हिशेब मांडला. रंगमंचासमोर बसायचं तर सकाळीच जाऊन जागा धरायला हवी. जुलैच्या सुरुवातीला बॉस्टनला सूर्य मावळतो तोच रात्री साडेआठच्या आसपास. त्यामुळे दारूकामाला रात्रीचे दहा वाजून जाणार आणि परतायला मध्यरात्र. म्हणजे चौदा-पंधरा तास गवतावर बसायचं, उन्हात, आणि स्वच्छतागृहापुढे रांग लावायची. जावई म्हणाले, “बाबा, तुम्ही आणि मी सकाळीच जाऊ. बाकीचे संध्याकाळी येतील.” पण एकदा गर्दी भरली, की मागून येणाऱ्यांना त्या जागेपर्यंत पोचता येईल, याची खात्री कोण देणार? पत्नी म्हणाली, “तुम्ही सगळे जा हो, मी हॉटेलात टीव्हीवर बघेन.” ती हे मनापासून म्हणाली, यात शंका नाही. पण टीव्हीवरच बघायचं तर न्यू जर्सीत काय वाईट होतं?

मग मुलीनं नकाशावर नदीच्या पलीकडचा काठ दाखवला. तो केंब्रिजचा काठ. एम. आय. टी. ही प्रख्यात संस्था त्याच बाजूला आहे. दारूकामाच्या होड्या नदीच्या मध्यावर उभ्या असल्यानं ते दोन्ही काठांवरून सारखंच दिसतं. मैफल ध्वनिक्षेपकांवरून ऐकू येते. वादक मात्र दिसत नाहीत. मी थोडा वेळ नकाशाकडे पाहिलं आणि म्हटलं, “पलीकडचा काठ.” हौस मोडायचं वाईट वाटलं, पण हिशेब कागदावर होता. जे चालायला सर्वांत अवघड, त्या पायांवरून जागा ठरवायची होती, माझ्या कानांवरून नाही.

तेवढं एक ठरलं आणि बाकीची आखणी भराभर जमली. नदीजवळची हॉटेलं त्या आठवड्यात भलतीच महाग. म्हणून आम्ही शहराबाहेर क्विन्सी इथं उतरलो. तिथून मेट्रोची ‘रेड लाइन’ गाडी न बदलता थेट केंब्रिजच्या केंडल स्थानकापर्यंत जाते. मोटार हॉटेलातच ठेवली, कारण त्या दिवशी नदीकाठचे रस्ते वाहनांना बंद असतात. मुक्काम तीन रात्रींचा ठेवला. ३ तारखेला पोचायचं, ६ तारखेला निघायचं. म्हणजे मध्यरात्री थकून परतल्यावर पहाटे उठून मोटार हाकायची पाळी कुणावर येणार नाही.

४ तारखेच्या सकाळी आम्ही जुन्या ‘स्टेट हाउस’समोर गेलो. १७१३ साली बांधलेली ही विटांची इमारत आता उंच मनोऱ्यांच्या मध्ये अगदी बुटकी दिसते. १८ जुलै १७७६ रोजी याच सज्जातून बॉस्टनकरांना स्वातंत्र्याचा जाहीरनामा पहिल्यांदा वाचून दाखवला गेला. आजही दर ४ जुलैला तो तिथून वाचतात. कार्यक्रम लहान, गर्दी बेताची, आणि उत्सव कशाचा आहे ते नातवाला समजावून सांगायला याहून चांगली जागा नाही. दुपारी मात्र आम्ही सरळ हॉटेलात परतलो आणि झोपलो. सहलीत दुपारी झोपणं अनेकांना वेळेची उधळपट्टी वाटते. पण रात्री साडेदहाला टक्क जागं राहायचं असेल, तर ती झोप आखणीतच धरावी लागते.

संध्याकाळी पाचला घडीच्या खुर्च्या, सतरंजी, पाणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन निघालो. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. तेव्हापासून तिथली तपासणी कडक आहे. काचेच्या बाटल्या, मद्य, पाठीवरच्या पिशव्या चालत नाहीत. नियम दर वर्षी आधी जाहीर होतात. ते वाचून जावं, म्हणजे दारातच सामान टाकून द्यावं लागत नाही. गर्दीत मोबाइल लागेनासा होतो. म्हणून चुकामूक झाली तर कुठं भेटायचं, ते आम्ही आधीच ठरवलं होतं. नातवाच्या खिशात आईचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठीही ठेवली होती.

मैफल कशी झाली? खरं सांगायचं तर व्हायोलिन वाऱ्यावर कधी यायची, कधी हरवायची. पितळी वाद्यं मात्र स्पष्ट ऐकू यायची. नातू सतरंजीवर झोपून गेला होता. त्याला दहाला उठवलं. तोफा झाल्या, घंटा झाल्या, आणि मग आकाश उजळलं. आधी प्रकाश दिसायचा आणि क्षणभरानं आवाज पोचायचा. “आजोबा, आवाज उशिरा का येतो?” असं त्यानं विचारलं. मग आमचा भौतिकशास्त्राचा तासच झाला. संपल्यावर आम्ही उठलोच नाही. उरलेल्या पुऱ्या खात पाऊण तास तिथंच बसलो. गर्दीचा पहिला लोंढा ओसरल्यावर पत्नी काठी टेकत सावकाश स्थानकापर्यंत चालली. वाटेत ती इतकंच म्हणाली, “टीव्हीवर एवढं मोठं दिसलं नसतं.”

आणखी एक गोष्ट. उघड्यावरचा कार्यक्रम हा शेवटी हवामानाच्या हातात असतो. २०१४ मध्ये वादळाच्या भीतीनं तो एक दिवस आधी, ३ जुलैलाच उरकावा लागला. २०२० मध्ये कोरोनामुळे नदीकाठी झालाच नाही. २०२१ मध्ये मैफल टँगलवूडला झाली आणि दारूकाम बॉस्टनमधल्या मोठ्या उद्यानावर. नदीकाठी तो परतला २०२२ मध्ये. म्हणून सहल त्या एका संध्याकाळीभोवती आखावी, पण तिच्या एकटीच्या जोरावर नको. बॉस्टनमध्ये ‘फ्रीडम ट्रेल’ नावाची चार किलोमीटरची वाट आहे. जमिनीवरची तांबडी रेघ धरून चालत गेलं, की सोळा ऐतिहासिक जागा पाहून होतात. आम्ही ती दोन दिवसांत, बसत-उठत निम्मी पाहिली. पाऊस आला असता तरी तेवढं हातात होतंच.

तेव्हा मंडळी, बॉस्टन असो की आपल्या गावच्या बागेतली दिवाळी पहाट, निघण्याआधी घरात एकदा विचारून घ्या, की आपल्यापैकी सर्वांत कमी कोण बसू शकतं, सर्वांत कमी कोण चालू शकतं. जागा त्यावरून ठरवा. मला वादक दिसले नाहीत, हे खरं. त्यांच्या कॅसेट अजून घरी आहेत.