राजाचा घट, पाहुण्यांचं शौचालय

शाळेत घटपर्णीबद्दल काय शिकलो? किडे पकडून खाणारी वनस्पती. मीही तेवढंच धरून बसलो होतो. मग नेपेन्थिस राजाबद्दल वाचलं आणि चाटच पडलो.

ही घटपर्णी जगात फक्त बोर्निओच्या सबाह राज्यात, किनाबालू आणि तांबुयुकोन या डोंगरांवर, साधारण १५०० ते २६५० मीटर उंचीवर उगवते. मोठ्या घटात दोन लिटरहून जास्त पाणी मावतं. पण तिथली माती निकस, नायट्रोजन कमी. मग ही काय करते? किडे तर पकडतेच, शिवाय झाकणाच्या आतल्या बाजूला गोड रस ठेवते. दिवसा खारीसारखी दिसणारी ट्री-श्रू येते, रात्री डोंगरी उंदीर. घटाच्या काठावर बसून रस चाटतात आणि तिथंच लेंड्या टाकतात. झालं, आयतं खत!

म्हणून सांगतो, जंगलातून उपटलेलं रोप कुणी विकत असेल, तर घेऊ नका. आंतरराष्ट्रीय करारानं त्या व्यापारावर बंदी आहे. आणि रोप कुंडीत जगलं, तरी त्याचे पाहुणे काही सोबत येत नाहीत. भेटू पुढच्या भागात!