जाळे कशावर टिकते?



एखाद्या व्यवस्थेचे खरे बळ तिच्या सुखाच्या दिवसांत कळत नाही. लातूरच्या पाणीपुरवठ्याची कसोटी २०१६ साली लागली. २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांहून अधिक लोकसंख्या असलेले हे शहर मुख्यतः धनेगावच्या मांजरा धरणावर विसंबून होते. लागोपाठच्या अवर्षणांनी धरण आटले आणि नळ कोरडे पडले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी पुकारावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोहोचली.

दोष केवळ पावसाचा नव्हता; रचनेचाही होता. आल्बर्ट, जोंग आणि बाराबाशी या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले की, ज्या जाळ्याचे बहुतेक धागे मोजक्या गाठींना बांधलेले असतात, ते किरकोळ आघात सहज सोसते. पण मोठी गाठ निसटली की सारे विस्कटते. लातूरची मोठी गाठ धनेगावला होती. दरम्यान जुन्या विहिरी आणि आड यांकडे दुर्लक्ष झाले. अडचणीच्या वेळी उपयोगी पडणारी शिल्लक व्यवस्था सुकाळात निरुपयोगी वाटते, हीच खरी गोम आहे.

दुसरी गोष्ट इशाऱ्याची. टिकाऊ व्यवस्थेत टंचाईची खबर उपशाला लगाम घालते. मांजरा खोऱ्यात उलट घडले. भूजल खाली गेले, तशी कूपनलिका अधिक खोल गेली. एकाचे शहाणपण साऱ्यांचा घात करीत राहिले. याचा दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. उसाला कारखाना आणि कायद्याने ठरलेला भाव होता. तुरीच्या खरेदीची तशी शाश्वती नव्हती. त्याला मिळणारा इशारा बाजाराचा होता, पाण्याचा नव्हता.

संकटात लातूर सावरले ते दुसऱ्याच एका जाळ्यामुळे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली होती. हा मार्ग चालू शतकाच्या आरंभी रुंदमापी झाला नसता, तर राजस्थानातील कोट्याहून आलेल्या वाघिणी पाणी घेऊन लातुरात शिरूच शकल्या नसत्या. हा मार्ग काही पाण्यासाठी बांधलेला नव्हता; परंतु जोडलेला धागा कधी कामी येईल, याचा हिशेब आधी मांडता येत नाही.

मात्र नुसते जोडलेले असणे पुरेसे नाही, हे नांदेड सांगते. विष्णुपुरी प्रकल्प गोदावरीवर आहे, म्हणजेच वरच्या धरणांशी तो जोडलेला आहे. वरच्यांनी पाणी अडवले की खालच्यांच्या वाट्याला वाळू येते. म्हणून जोडणीला नियमाची साथ लागते. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली असा दंडक घातला की, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरून पाणी सोडावे. बाभळी बंधाऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवले की, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे राहावेत आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे. अशा नियमांवर भांडणे होतातच. तरीही आधी लिहून ठेवलेली तारीख ही ऐन टंचाईत उगारलेल्या मुठीपेक्षा बरी.

शेवटी प्रश्न उरतो तो न्यायाचा. जाळे तुटते तेव्हा सर्वांवर सारखा भार पडत नाही. ऐपतदार टँकर विकत घेतो. मजुराच्या घरची बाई रोजगार बुडवून घागर घेऊन रांगेत उभी राहते. तिचा बुडालेला रोजगार कोणत्याही ताळेबंदात येत नाही, म्हणून मोडकी व्यवस्थाही कागदावर स्थिर दिसते. लहान लहान अनेक स्रोत, राखून ठेवलेली शिल्लक, वेळेवर मिळणारा इशारा आणि सर्वांना बांधणारा नियम, या चार गोष्टींची मागणी धरण भरलेले असतानाच करावी लागते. ते आटल्यावर फक्त गाडीची वाट पाहणे उरते.