सत्तावीस ऐकून बहात्तर लिहिणारी मुले



जिल्ह्यातल्या शिक्षकांसमोर बोलताना अध्यक्षाने आधी आभार मानावेत, मग शिक्षणाच्या दशा-दिशेवर बोलावे आणि जेवणाची वेळ टळण्याआधी खाली बसावे, अशी रीत आहे. आभार मनापासून मानतो. दशा-दिशा मात्र आज बाजूला ठेवतो आणि एका जुन्या भांडणापासून सुरुवात करतो.

२०१९च्या जून महिन्यात बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक आले. त्यात सत्तावीस या नावासोबत ‘वीस सात’ असेही वाचायला दिले होते. महाराष्ट्र खवळला. मराठीची मोडतोड झाली असे कुणी म्हणाले, मोबाईलवर विनोद फिरले, विधिमंडळातही थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की लहान मुलांना ही जोडाक्षरी, उलटी नावे जड जातात आणि दक्षिणेकडच्या भाषांत आधी दशक, मग एकक बोलतात. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती, पण ते ऐकायला कुणाला सवड नव्हती. मला खटकले ते वेगळेच. ज्याच्या-त्याच्याकडे मत होते. अमुक वर्गात अमुक मुलांना आकडे घातले आणि त्यांनी असे-असे लिहिले, असे सांगणारा आवाज त्या गदारोळात माझ्या कानावर आला नाही.

आणि असा आवाज उठायचाच तर तो सोलापुरातून उठायला हवा होता. आपल्या शहराच्या पूर्व भागातले पद्मशाली समाजाचे मूल घरी तेलुगू बोलते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कितीतरी गावांत अंगणात कन्नड आणि शाळेत मराठी असते. शहरात दखनी-उर्दू बोलणारी मुले आहेत, तांड्यांवर बंजारा बोलणारी आहेत. सत्तावीसला कन्नडमध्ये इप्पत्तेळु म्हणतात, तेलुगूत इरवै एडु. दोन्हीकडे वीस आधी, सात नंतर. मराठीत आणि उर्दूत सात आधी. म्हणजे ज्या प्रश्नावर राज्यभर वाद झाला, त्याच्या दोन्ही बाजू आपल्याकडे एकाच बाकावर बसतात. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला असा वर्ग शोधत फिरावे लागेल. तुम्ही रोज सकाळी त्याची हजेरी घेता.

कृती संशोधन, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातला प्रश्न उकलण्यासाठी केलेला शोध, कसे करावे, हे मला या एका उदाहरणावरच सांगायचे आहे. व्याख्या आणि पायऱ्या तुम्ही बी.एड.ला पाठ केल्या आहेत.

दुसरी-तिसरीच्या वर्गशिक्षकाने ‘मुले गणितात कच्ची आहेत’ या वाक्याने सुरुवात केली तर काम तिथेच संपते. कच्ची म्हणजे काय? एकवीस ते नव्व्याण्णवमधले वीस आकडे तोंडी सांगा, मुलांना लिहू द्या आणि पाट्या पुसायच्या आत चुका पाहा. गुण देऊ नका, चुका उतरवून घ्या. त्यांत तीन तरी जाती सापडतील. सत्तावीस ऐकून ७२ लिहिणारे मूल ऐकलेल्या क्रमाने लिहिते आहे. एकोणतीस ऐकून ३१ किंवा ३९ लिहिणाऱ्याला ‘एकोण’ म्हणजे एक उणा, हे कुणी उलगडून सांगितलेले नाही. पंचावन्नच्या जागी ९५ लिहिणाऱ्याचा कान पंचावन्न आणि पंचाण्णव यांत गोंधळतो. तीन चुका, तीन कारणे, तीन उपाय. आपण मात्र तिघांनाही शंभरपर्यंत अंक लिहून आणायला सांगतो.

आता प्रत्येक नावापुढे घरची भाषा लिहा. मग तेच आकडे कन्नडभाषक मुलाला कन्नडमधून सांगा. तुम्हाला येत नसेल तर वरच्या वर्गातली एखादी ताई बोलवा. त्याने इप्पत्तेळु ऐकून बिनचूक २७ लिहिले, तर त्याला दशक-एकक समजले आहे, अडते ते मराठी नावापाशी. तिथेही ७२च लिहिले, तर काड्यांचे गठ्ठे पुन्हा काढावे लागतील. उर्दू बोलणाऱ्या मुलाची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या घरच्या नावांतही एकक आधी येते आणि उनतीसमध्ये एक उणाच असतो. त्याच्या चुका आणि मराठी घरातल्या मुलाच्या चुका सारख्या निघतात का, हे पाहण्यासारखे आहे. पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका.

यानंतर उपाय. समजा, तुम्ही ठरवले की काही आठवडे ‘वीस सात, सत्तावीस’ अशी जोडनावे म्हणायची. महिन्याने चाचणी घेतली, चुका कमी झाल्या. आपले बहुतेक अहवाल इथे टाळी घेऊन संपतात: पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, प्रगती. पण महिनाभरात मूल एरवीही काहीतरी शिकतेच की! श्रेय उपायाला द्यायचे की वाढत्या वयाला? यावर पुस्तके म्हणतात, दुसरी तुकडी तुलनेला घ्या. आपल्या द्विशिक्षकी शाळेत दुसरी तुकडी आणायची कुठून? शिवाय निम्म्या मुलांना चांगल्या गोष्टीपासून मुद्दाम दूर ठेवणे मला पटत नाही. म्हणून मुलांऐवजी आकडे वाटून घ्या. पहिले तीन आठवडे जोडनावे फक्त एकवीस ते एकोणसाठसाठी, त्यापुढचे आकडे नेहमीसारखे. दर शनिवारी दोन्ही भागांतले दहा-दहा आकडे सांगा. दोन्हीकडच्या चुका सारख्याच घटल्या तर जोडनावांचे विशेष काही नाही. पहिल्या भागातच घटल्या, आणि नंतर दुसऱ्या भागाला उपाय लावल्यावर तिथेही घटल्या, तर तुमच्या म्हणण्याला वजन येते. अर्थात मूल तुमच्या आराखड्याला बांधलेले नसते. पहिल्या भागातली युक्ती ते परस्पर ‘साठ सात’ला लावून मोकळे होईल. तसे झाले तर तेही वहीत यायला हवे, कदाचित तीच त्या महिन्यातली सर्वांत मोलाची नोंद असेल.

चाचण्यांच्या तुलनेत आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटली की आपला पट हलतो. कुणाची मुले ऊसतोडीच्या फडावर जातात, कुणाची ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवरून आपल्या शाळेत येतात. उत्तरचाचणीला जी हजर, त्यांचीच सरासरी काढली तर निकाल सुंदर दिसतो, कारण ज्यांना सर्वांत जास्त अडचण होती ती मुले यादीतून गेलेली असतात. गेलेल्या मुलाचे नाव खोडू नका. नावापुढे ‘अमुक तारखेपासून फडावर’ असे लिहा आणि मार्चनंतर ते परत आले की तेच वीस आकडे त्याला पुन्हा सांगा.

हे काही नवे शास्त्र नाही. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली कृती संशोधनावर निबंध लिहिला आणि १९५३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या स्टीफन कोरी यांनी ते शाळेत आणण्यासाठी पुस्तक लिहिले. ती नावे परीक्षेपुरती ठीक. आपल्याकडे १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या तेव्हा आदिवासी मुले बालवाडीत येत नव्हती. मुले आळशी, पालक अडाणी, असे कारण लिहून फाईल बंद करणे सोपे होते. ताराबाईंनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. अनुभव घ्यायचा, व्यवस्था बदलायची, पुन्हा पाहायचे, हा क्रम पुढे कोसबाडच्या टेकडीवरही चालू राहिला. कोल्हापुरात १९८५ साली लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय काढले आणि वर्गात जे घडत होते ते सातत्याने लिहून ठेवले. या तिघींनी आपल्या कामाला कृती संशोधन म्हटले की नाही, याने मला फरक पडत नाही.

आपल्या जिल्ह्याचे उदाहरण तर तुमच्या ओठावर असेलच. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले आणि दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण त्यानंतर आपल्याकडे यशोगाथांचे पीक आले. डिसले यांचा पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड ज्याला त्याला आठवतो. कोणता धडा कोड चिकटवूनही मुलांना कळला नाही, हे विचारावे असे कुणाला वाटत नाही. यशोगाथा शेवटाकडून लिहिलेली असते, तिला फसलेले दिवस नको असतात. संशोधनाला ते लागतात, कारण शेजारच्या गावातला शिक्षक त्या दिवसांवरूनच ठरवणार असतो की आपण यात पडायचे की नाही.

आणि इथे दोष शिक्षकाचा फार थोडा आहे. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून जिल्ह्या-जिल्ह्यात शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. आपली वेळापूरला आहे. शिक्षकांना कृती संशोधनात सोबत करणे हे या संस्थांचे ठरलेलेच काम. पण शाळेपर्यंत पोहोचेतो त्या सोबतीचा नमुना झाला. प्रस्तावना, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, परिशिष्ट. वरच्या श्रेणीसाठी, स्पर्धेसाठी, प्रमाणपत्रासाठी अहवाल हवा, म्हणून तयार अहवाल मोबाईलवर फिरतात. शाळेचे नाव बदलले की काम भागते. मी या संस्थांना असे म्हणेन की ऐंशी पानांच्या अहवालापेक्षा चार पानांची तारीखवार नोंद मागवा. त्यात एक पान ‘काय जमले नाही’ यासाठी सक्तीचे ठेवा. ते पान कोरे असेल तर बाकीची तीन वाचूच नका.

केंद्रप्रमुखांनाही एक विनंती आहे. शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचून होतात, ती मोबाईलवर आधीच आलेली असतात. त्यातला अर्धा तास काढून दोन शिक्षकांना आपापल्या वर्गातल्या चुकांच्या वह्या मधोमध ठेवू द्या. त्या चुकांवर शेरा मारायचा नाही, गोपनीय अहवालात त्यांचा उल्लेख करायचा नाही, एवढे अभय लागेल. ते मिळाल्याशिवाय कुणीही आपल्या वर्गातले ७२ दुसऱ्याला दाखवणार नाही, मीही दाखवणार नाही.

दुसरी-तिसरी शिकवणारे जे इथे आहेत, त्यांनी जेवणानंतर याच सभागृहात थांबावे. कन्नड, तेलुगू, उर्दू आणि बंजारा जाणणारे प्रत्येकी दोघे तरी मिळाले तर वीस आकड्यांची यादी आपण आजच करून टाकू. तिच्यात एकोणतीस, एकोणसाठ आणि एकोणऐंशी असलेच पाहिजेत. बाकीचे सतरा तुम्ही सुचवा.