पाण्याखालचा पहिला श्वास

पन्नाशी उलटल्यावर मी स्कूबा डायव्हिंग शिकायला गेलो. पहिल्या दिवशी हाती पडलं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक! माझ्या तुकडीत मालवणचा एक मुलगा होता. वडिलांबरोबर रापण ओढत वाढलेला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. समुद्राला न घाबरणारा मुलगा पुस्तकाला घाबरला.

खरं तर पहिले धडे किती साधे! दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. म्हणून उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळे करायचे. दुखू लागलं, तर थोडं वर यायचं. आणि श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना दाब कमी होतो, हवा फुगते. कोंडलेला श्वास फुप्फुस फाडू शकतो. पट्टीचा पोहणारा सवयीने श्वास धरतो. त्याला तीच सवय मोडावी लागते.

हे मराठीत, मालवणीत का सांगू नये? पर्यटकाला प्रशिक्षक हाताला धरून प्रवाळ दाखवून आणतो. ते दर्शन झालं, शिक्षण नव्हे. शिक्षणाला वेळ हवा, आधी उथळ पाणी हवं आणि समजेल अशी भाषा हवी.

तो मुलगा पुढे किनाऱ्यावर भेटला. मी वाळूत रेघा ओढून दाबाचं गणित सांगितलं. तो हसला, म्हणाला, "एवढांच?"

पुढच्या तुकडीत त्याने पुन्हा नाव घातलं. सोबत धाकट्या बहिणीचंही.