शाहजोग हुंडी ते मोबाईल बँकिंग : खातरजमा हाच राखणदार



पेढ्यांवर शाहजोग हुंडीचा व्यवहार चालत असे, त्या काळी केवळ हुंडी समोर आली म्हणून कोणी थैली सोडत नसे. ती आणणारा पतदार शाह आहे की नाही, याची चौकशी करणे हे रक्कम देणाऱ्याचे कर्तव्य मानले जाई. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि पाहता पाहता पेढीच खिशात आली. व्यवहाराचा वेग वाढला. चौकशीची सवय मात्र सुटली. चोर नेमका याच फटीतून शिरतो.

तो तिजोरी फोडत नाही, मालकाकडूनच उघडून घेतो. ‘केवायसी झालेली नाही, आज खाते बंद होईल’ असा संदेश येतो. सोबत लिंक किंवा एपीके फाईल असते. कोणी बँकेचा अधिकारी म्हणवून ओटीपी मागतो. कोणी पोलिसी गणवेशात व्हिडिओ कॉलवर येऊन ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतो. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही! भीती आणि घाई, ही त्याची दोन हत्यारे.

त्यावरील उपाय साधे आहेत. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. तो लागतो देण्यासाठी. पिन व ओटीपी कोणालाही सांगू नये, बँकेच्या माणसालाही नाही. अ‍ॅप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे. आपल्या फोनचा पडदा परक्याला दिसेल असे अ‍ॅप कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये. बँकेचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर न शोधता कार्डाच्या मागे पाहावा. आयुष्यभराची पुंजी मोबाईलला जोडलेल्या खात्यात न ठेवता तेथे नित्य खर्चापुरतीच शिल्लक ठेवावी. सिमचे नेटवर्क अकारण गेल्यास त्वरित चौकशी करावी.

तथापि सर्वांत महाग पडते ते मौन. उधारी बुडाली तर व्यापारी ते चारचौघांत सांगतो. फोनवर फसला तर लाजेने घरातही बोलत नाही. तोवर रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, ग्राहकाच्या हलगर्जीमुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे आणि कळविल्यानंतर होणारे बँकेचे. म्हणजे विलंबाच्या प्रत्येक क्षणाला किंमत आहे. म्हणून फसवणूक लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि बँकेला कळवावे, तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

घरातील तरुणांनाही एक विनंती. वडीलधारी व्यक्ती फसली तर ‘असे कसे केलेत?’ हा प्रश्न प्रथम विचारू नये. ‘१९३० ला कळविले का?’ एवढेच विचारावे आणि स्वतः फोन लावून द्यावा. ज्या घरात चूक निर्भयपणे सांगता येते, त्या घरातील पैसा वाचण्याची आशा अधिक असते.