सर्किटचा कागद

(गटाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मला आज 'बाई आणि तंत्रज्ञान' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी इंजिनियर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेली आणि बावन्नाव्या वर्षी गिटार शिकायला लागलेली बाई आहे. तेव्हा एवढ्या मोठ्या विषयाला हात न घालता मी फक्त एका कागदाविषयी बोलणार आहे.

सुरुवात एका ८ मार्चला झाली. आपल्या गाण्यांना साथ म्हणून मी इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसले होते. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात खरखर झाली आणि आवाज गेला. ढोलकीवर बसलेल्या मैत्रिणीने गाणं सांभाळून नेलं. दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आतलं सर्किट गेलंय. बदलावं लागेल. अठराशे रुपये." नेमकं काय गेलंय, असं विचारलं तर उत्तर आलं, "टेक्निकल आहे. तुम्हाला नाही कळायचं."

हे वाक्य आपण कुठे कुठे ऐकलं आहे, आठवा बरं. सातबारा बघायला मागितला तेव्हा ऐकलं. पगाराच्या चिठ्ठीतली कपात विचारली तेव्हा ऐकलं. दवाखान्यात स्वतःच्याच पोटाचा रिपोर्ट हातात मागितला, तेव्हाही ऐकलं. मी गिटार परत घेतली आणि घरी येऊन मागची पट्टी उघडली.

आत होतं काय? दोन पॉट, म्हणजे व्हॉल्यूमचं आणि टोनचं बटण ज्यावर बसतं ते. एक कपॅसिटर, जॅक आणि चार-पाच वायरी. त्यातली एक सुटून लोंबत होती. पण ती कुठे लावायची? भाचीने त्या प्रकारच्या गिटारचा सर्किट डायग्राम शोधून छापून आणला. तो बघून माझी छातीच दडपली. कागदावरचं काहीही गिटारच्या पोटातल्यासारखं दिसत नव्हतं.

तिथेच माझी पहिली चूक होती. तो फोटो नसतो. तो लोकलच्या डब्यातल्या नकाशासारखा असतो. दादरनंतर माटुंगा हे त्यात खरं असतं, पण अंतर आणि वळणं खरी नसतात. कोण कोणाला जोडलंय, एवढंच तो सांगतो. कोण कुठे बसलंय हे सांगत नाही.

मग एकेक खूण शिकले. नागमोडी रेघ म्हणजे रेझिस्टर. काही नकाशांत त्याच जागी लांबट चौकोन असतो, वस्तू तीच. समोरासमोर दोन आडव्या रेघा म्हणजे कपॅसिटर. रेझिस्टरवर बाण टेकला की तो पॉट, त्याला तीन पाय. दोन रेघा एकमेकींवरून गेल्या आणि तिथे ठिपका असला तर जोड आहे. ठिपका नसेल तर नुसत्या एकमेकींवरून गेल्या आहेत. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या तीन रेघा म्हणजे ग्राउंड. ही खूण कागदावर पाच ठिकाणी दिसली आणि मी पाच वेगवेगळ्या जागा शोधत बसले. खरं तर त्या पाचही एकच जागा. वायरींचं जंजाळ काढायला लागू नये म्हणून ती खूण पुन्हा पुन्हा काढतात.

त्यानंतर आवाजाचं बोट धरून डावीकडून उजवीकडे गेले. तार चुंबकावर थरथरते, त्याभोवतीच्या तारेच्या गुंडाळीत बारीकशी वीज तयार होते. तो पिकअप. तिथून व्हॉल्यूम, तिथून जॅक. मध्येच टोनची वाट फुटते. तिथला कपॅसिटर आवाजातला तीक्ष्ण भाग ग्राउंडला नेऊन सोडतो, म्हणून टोन कमी केला की आवाज मऊ होतो. आणि माझी सुटलेली वायर? जॅकची ग्राउंडची. सर्किट कुठेही 'गेलं' नव्हतं.

सोल्डर कोणी केलं, ते ऐका. मुंबईत १९७३ मध्ये सीप्झ सुरू झालं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर बायका मोठ्या संख्येने बसू लागल्या. आपल्या गटातल्या एका मैत्रिणीने अशाच एका कारखान्यात अकरा वर्षं सोल्डरचं काम केलं आहे. तिने अर्ध्या मिनिटात जोड दिला. चकचकीत, वाटाण्यासारखा गोल नाही, नीट पसरलेला. मी तिला कागद दाखवला, तर म्हणाली, "हा सुपरवायझरच्या टेबलावर असायचा. आम्हाला लाल इथे, पिवळी तिथे, एवढंच सांगायचे."

अकरा वर्षं हात तिचा आणि कागद दुसऱ्याचा! पगारही त्याच हिशेबाने.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत फेंडर कंपनीत १९५६ मध्ये लागलेली अबिगेल इबारा ही बाई पिकअप गुंडाळायची. तिच्या हातचे पिकअप गिटारवाले पुढे शोधून शोधून घेऊ लागले. त्याच कंपनीच्या त्या काळातल्या काही अँपच्या आत चिकटपट्टीवर पेनाने 'लिली' लिहिलेलं सापडतं. जोडणाऱ्या बाईचं नाव ते. नकाशावर मॉडेलचा नंबर येतो. लिलीचं नाव पट्टीवरच राहतं.

मग आम्ही दोघींनी ठरवलं की एक वस्तू कागदावरून बनवायची. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या एलपीबी-१ या जुन्या बूस्टरचा नकाशा घेतला. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक पॉट आणि ९ व्होल्टची बॅटरी. लॅमिंग्टन रोडवरून सामान आणलं. कपॅसिटरवर १०४ लिहिलेलं, ते म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, हेही तिथेच शिकलो. सगळं जोडलं, आणि आवाज वाढायच्या ऐवजी पार बसला. मी हताश. ती कागदावर बोट फिरवत म्हणाली, "अगं, बाणाचा पाय एमिटर ना? मग हा उलटा बसलाय." नकाशातला ट्रान्झिस्टर टू-एन-३९०४ होता, आम्ही बसवलेला बीसी ५४७. दोघांच्या पायांचा क्रम उलट असतो, आणि नकाशा तो सांगत नाही. तिने फिरवून बसवला. आवाज असा आला की शेजारीण दारात!

चूक मी केली होती. कागद वाचून ती पकडली तिने.

एक इशारा देते. भिंतीच्या प्लगवर चालणारा अँप उघडू नका, वाल्वचा तर मुळीच नाही. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहू शकते. शिकायला बॅटरीवरची वस्तू घ्या.

सगळ्यांनी गिटार शिकावी असं माझं म्हणणं नाही. पण आपल्या गटाचा माइक, अँप, टॉर्च बिघडला की आपण ज्या दादाकडे धावतो, त्याला आधी विचारा, "काय बिघडलंय, दाखवा. याचा डायग्राम आहे का?" आणि ज्या मैत्रिणी लाइनवर काम करतात, त्यांनी टेबलावरचा तो कागद एकदा तरी मागून बघावा. देत नसतील तर का देत नाहीत, हे आपण सगळ्या मिळून विचारू.

दुपारच्या जेवणानंतर आम्ही दोघी मागच्या खोलीत बूस्टर आणि सोल्डरगन घेऊन बसणार आहोत. नकाशाच्या वीस प्रती काढल्या आहेत. या.