वेग, त्वरण आणि डोक्यावरचे माळवद

लातूरहून नांदेडला जाताना एस.टी. सपाट रस्त्यावर एकसारखी धावत असली, की आपण घरच्या ओट्यावर बसावे तसे निवांत बसतो. पण ड्रायव्हरने ब्रेक दाबला, की सारे पुढे झुकतात. अंगाला जाणवतो तो वेग नव्हे, वेगातला बदल. दर सेकंदाला वेग जितका बदलतो, त्याला त्वरण म्हणतात. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ही गाडी ५ सेकंदांत थांबली, तर दर सेकंदाला वेग २ मीटरने उतरला. वेग वाढो, घटो वा दिशा बदलो, ते त्वरणच.

आता पुस्तकातले हे त्वरण आपल्या घरात कसे शिरते ते पाहू. ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. औसा तालुक्यातील किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावे ढासळली. हजारो माणसे आपल्याच घराखाली गेली.

भूकंपात जमीन फार लांब सरकत नाही. पण क्षणात इकडे, क्षणात तिकडे जाते. पाया तिच्याबरोबर हलतो, वरचे जड माळवद मात्र जागीच राहू पाहते. न्यूटनचा नियम सांगतो, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. समजा, खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि वरची माती अर्धा मीटर जाड आहे. माती झाली ६ घनमीटर, म्हणजे सुमारे ९ टन. त्वरण आपल्या एस.टी.इतकेच धरले, तरी भिंतींवर १८,००० न्यूटनांचा आडवा जोर येतो. सुमारे १,८०० किलो वजनाइतका! छप्पर १०० किलो पत्र्याचे असेल, तर जोर अवघा २०० न्यूटन.

मातीत रचलेली दगडी भिंत उभे ओझे पिढ्यान्‌पिढ्या पेलते, आडवा हिसका तिला सोसत नाही. माळवद उन्हाळ्यात थंडावा देते हे खरे. पण दरसाल त्यावर मातीचा थर चढवीत जाऊ नये. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालावेत आणि चारी भिंतींना बांधणारा सळई-सिमेंटचा सलग पट्टा घ्यावा.

गुरुजींनी वर्गात फळीवर आगपेटी उभी ठेवावी. फळी आधी सावकाश ओढावी, मग तेवढीच, पण झटक्याने. अंतर सारखेच, आगपेटी पडते ती झटक्याने. हे पाहून एखादा मुलगा घरी गेला आणि माळवदाकडे बोट करून, “आबा, वर माती किती आहे हो?” असे विचारू लागला, म्हणजे धडा समजला म्हणायचा.